मेघाची उंची कुणी मोजलीच नव्हती

आण्णा,

परवा तुमच्या जलदान विधीला मी आले होते. तुमच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, सगळ्यांबरोबर वंदनेला बसले, आणि मग दोन शब्द बोलायला उभी राहिले ती सरळ खोटं बोलून खाली बसले. तुम्ही असता तर कौतुकानं मान हलवली असती. ते डोळ्यांसमोर येतं आणि तेव्हापासून घास गोड लागत नाही.

मी आपणहून उठले नव्हते. काकूंनी उठवलं. रडून रडून घसा बसलेला, तरी मांडवाच्या शेवटच्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वैशे, तू बोल की. आपल्या मेघासाठी तू त्या कमिटीत कशी भांडलीस ते सांग. ह्यास्नी लई अभिमान हुता त्येचा. येईल त्या पावण्याला सांगायचं." पोरी सतरंजीवर ओळीनं बसल्या होत्या, टीमच्या निळ्या जर्सीत. त्यांच्यात मेघाही होती. मी माईक घेतला आणि म्हणाले, "आण्णांनी लढायला शिकवलं. मी लढले, पण कमी पडले." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बस डेपोतले तुमचे एक जुने सोबती मुद्दाम उठून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "वाघीण हायसा ताई तुम्ही."

मी लढले नव्हते, आण्णा. मी तोंडच उघडलं नव्हतं.

तुम्हाला जे सांगितलं ते एक आणि झालं ते दुसरंच. झालेलं आता सांगते. परदेशातल्या स्पर्धेसाठी भारताच्या महिला फुटबॉल संघाची निवड होती. शिबिर संपलं होतं. तेवीस जणी जाणार होत्या, आणि आम्ही निवड समितीचे पाच जण एका हॉटेलच्या खोलीत यादी घेऊन बसलो होतो. जेवणाआधी बावीस नावं झाली. राहिली तिसरी गोलकीपर. तिच्यासाठी दोन नावं होती, एक दुसऱ्या राज्यातली मुलगी आणि एक आपली मेघा. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "मॅडम, ही तुमच्या कोल्हापूरची ना? तुम्ही हिला लहानपणापासून बघताय. बोला."

न मागता मिळालेली संधी होती ती. मी हसले. म्हणाले, "माझ्याच गावची आहे सर, मी काय बोलणार? तुम्हीच ठरवा." कुणीतरी म्हणालं, "याला म्हणतात निःपक्षपातीपणा." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, खरंच बरं वाटलं. तेवढ्यात जेवण लागल्याचा निरोप आला आणि जाता जाता मेघाच्या नावावर रेघ पडली. सगळं मिळून मिनिटभरही गेलं नसेल. त्या दिवशी जेवणात काय होतं ते मला अजून आठवतं, याचीसुद्धा लाज वाटते.

बोलण्यासारखं काय कमी होतं? मलकापूरच्या पोरीला तुम्ही बाराव्या वर्षापासून गोलात उभं केलंत. आठ वर्षं ती पहिल्या एसटीनं येऊन सात वाजता मैदानावर हजर असायची. शिबिरात मी रोज तिला बघत होते. पुढं येऊन चेंडू कधी घ्यायचा आणि मागं कधी थांबायचं, हे तिच्याइतकं त्या पाच गोलकीपरांत कुणालाच कळत नव्हतं. आणि तिचा तो आवाज. मणिपूरच्या, केरळच्या, बंगालच्या पोरी पुढं खेळतायत आणि ही मागून ओरडतेय, "आगं, डावीकडं सरक की बाई." शब्द एकीलाही कळत नव्हता, पण सरकत मात्र सगळ्या होत्या. पहिल्या दिवशी मुख्य प्रशिक्षक माझ्याकडं बघून हसले होते. एवढं जरी मी त्या खोलीत सांगितलं असतं तरी ऐकणारे कान होते तिथं.

तुम्ही म्हणाल, नियम माझाच होता की ग. होताच. पेठेतल्या टीमा निवडताना प्रत्येक पोराच्या मागं एक मामा आणि दोन काका कसे उभे असतात ते तुम्ही जन्मभर बघितलेलं. म्हणून आपल्या पोरींच्या टीममध्ये तुम्ही पहिल्या दिवसापासून ठरवलंत की आपल्या माणसाचं नाव निघालं की आपण उठून जायचं. शीतल, तुमच्या सख्ख्या भावाची मुलगी, तिचं नाव आलं की तुम्ही बादली उचलून नळावर जायचात. आम्ही थोरल्या पोरी काय ते ठरवायचो आणि मग हाक मारायचो. "आपलं प्वार आपल्याला दुप्पट दिसतंय," म्हणायचात. त्या खोलीत मी हाच नियम मनातल्या मनात पुढं केला. पण आण्णा, तुम्ही नळावर जायचात तेव्हा मागं शीतलला ओळखणाऱ्या आम्ही दहा जणी बसलेल्या असायचो. त्या खोलीत मेघाला ओळखणारी मी एकटी होते. आणि मी नळावर गेले नव्हते, खुर्चीत बसून होते.

खरं कारण नियम नव्हताच. संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून कुणी जायचं हे त्याच दिवशी दुपारी ठरणार होतं आणि माझं नाव चर्चेत होतं. सकाळी आपल्या गावच्या पोरीसाठी हट्ट धरायचा आणि दुपारी त्याच लोकांकडून स्वतःची वर्णी लावून घ्यायची, हे कसं दिसेल, असा हिशेब मी केला. आपला तो बाब्या म्हणतात लोक. मी आपल्या बाब्यालाच कार्टं करून टाकलं. व्यवस्थापक म्हणून शेवटी दुसऱ्याच बाई गेल्या. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही.

आणि तुम्ही स्वतः तो नियम एकदाच मोडला होतात. तोही माझ्यासाठी. मी सतरा वर्षांची होते, पुण्याला राज्याच्या चाचणीला आलो होतो. भिंतीवर यादी लागली, त्यात मी नव्हते. मी बॅग भरायला घेतली. तुम्ही डोक्यावरची टोपी काढून हातात घेतलीत आणि त्या निवडणाऱ्या साहेबांपुढं जाऊन उभे राहिलात. मी दारामागून ऐकत होते. "ही प्वार माझी हाय म्हणूनच बोलतोय साहेब. दुसरं कोण बोलणार न्हाय हिच्यासाठी. उद्या सकाळी धा मिन्टं हिला परत बघा. न्हाय पटलं तर मी तुमाला तोंड दावणार न्हाय." ते साहेब वैतागले होते. तुम्हाला "काका, सरका" म्हणाले. तुम्ही सरकला नाहीत. ती दहा मिनिटं मला मिळाली. माझी महाराष्ट्राची जर्सी, नोकरी, पुण्यातलं घर आणि त्या समितीतली ती खुर्ची, सगळं त्या दहा मिनिटांतून आलेलं आहे. मला मेघासाठी तितकीही मागायची नव्हती. एक मिनिट माझ्या हातात आयतं दिलेलं होतं.

निवडीच्या संध्याकाळी तुमचा फोन आला. यादी बाहेर पडली होती, तुम्ही पोरींकडून मोबाईलवर वाचून घेतली होतीत. आवाजात राग नव्हता. "काय झालं ग?" एवढंच. मी हॉटेलच्या दारात उभी होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. माझ्या तोंडून आलं, "लई भांडले आण्णा, पण उंचीवर अडलं. पाच फूट चार म्हणजे गोलकीपरला कमी पडते म्हणाले." उंची हा शब्द त्या खोलीत कुणी उच्चारलासुद्धा नव्हता. तुम्हाला पटेल असं काहीतरी पटकन सुचलं आणि मी ते बोलून मोकळी झाले. तुम्ही म्हणालात, "माझंच चुकलं म्हणायचं. मी ते कधी बघितलंच न्हाय. पोरगीचं डोळं बघितलं आणि हुबी केली गोलात." आणि वर माझीच समजूत काढलीत. "तू वाईट वाटून घेऊ नगंस. तू भांडलीस न्हवं? बास की मग."

त्यानंतर संघाचा फोटो पेपरात आला तेव्हा माझी पाचावर धारण बसली. निवडलेली ती तिसरी गोलकीपर मेघाएवढीच आहे. बोटभरही जास्त नाही. तुम्ही फोटो बघणार आणि मी उघडी पडणार, म्हणून दोन दिवस मी तुमचा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी उचलला तर तुम्ही म्हणता, "बघितली ग ती पोरगी. लांबसडक हाय." आण्णा, मागच्या ओळीतल्या पोरींना बाकावर उभं केलं होतं फोटोसाठी. मी म्हणाले, "व्हय, लांब हाय."

इथवरचं पाप माझ्यापुरतं होतं असं मी स्वतःला सांगत होते. पण तुम्ही ऐकून सोडून देणारे नव्हतात. पुढच्याच आठवड्यात तुम्ही मेघाचे ग्लोव्हज काढून घेतलेत आणि तिला मागच्या फळीत खेळवायला लागलात. मला फोन करून विचारलंत. "पोरगीला अजून येळ हाय. गोलात उंची नडती, तर बचावात नाव काढंल. तुला काय वाटतंय?" मला काय वाटणार होतं? मी म्हणाले, बघा, जमेल. तुम्ही निवृत्त माणूस, गुडघे गेलेले, तरी काठी टेकत रोज सकाळी तिला पायानं चेंडू अडवायला शिकवायला लागलात. माझ्या एका थापेपायी तुमच्या आयुष्यातले शेवटचे महिने त्यात गेले.

दिवाळीनंतर मी आले होते तेव्हाची ती मॅच आठवते ना? मेघा बचावात. समोरून उंच चेंडू आला आणि तिनं उडी मारून तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. सवयच ती. पेनल्टी गेली, मैदान हसलं, पायऱ्यांवर बसलेली पोरं शिट्ट्या मारायला लागली. मेघा तो चेंडू खाली टाकायलासुद्धा विसरली होती. तुम्ही तिला बाजूला बोलावून तिचे हात आपल्या हातात धरून काहीतरी सांगत होता. मी वर पायऱ्यांवर बसून ते बघत होते.

त्या संध्याकाळी तुम्ही मला नेहमीसारखं गंगावेशीत दूध प्यायला नेलंत. गवळी समोर म्हैस पिळत होता. आज सांगायचंच, असं मी ठरवलं होतं. थेट धीर होईना म्हणून आडवळणानं सुरुवात केली. म्हणाले, "आण्णा, आपल्या माणसासाठी बोलायचं नाही हा तुमचा नियम मला कधी कधी चुकीचा वाटतो. ज्याला दुसरं कुणीच नाही त्याच्यासाठी कोण बोलणार?" तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत जसं काही मी पुन्हा तेरा वर्षांची झालेय. "मग तू बोललीस की. माझा नियम मोडून बोललीस, आणि लई ब्येस केलंस. आता त्येच्यावर वाद कशाला घालतीस? पी, फ्येस बसाय लागलाय." तो वाद तिथंच राहिला. मी ग्लास तोंडाला लावला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातली मी.

माझं गप्प बसणं जुनं आहे आण्णा, तुम्हाला ते माहीत होतं. तुम्ही पहिल्यांदा बिद्रीला आमच्या घरी आलात ते मला कोल्हापूरला खेळायला पाठवा म्हणून सांगायला. शाळेच्या स्पर्धेत मला बघितलं होतंत. आईला वाटलं, कुणीतरी स्थळ घेऊन आलंय. पोहे टाकले तिनं. मग वडलांनी आडनाव विचारलं आणि तुम्ही कांबळे म्हणालात. पोहे आले, पण चहा वेगळ्या कपात आला. दांडी तुटलेला तो कप आमच्या गोठ्याच्या फळीवर असायचा. तुम्ही तो बघितलात. चहा प्यालात, उठून नळावर कप स्वतः विसळलात, फळीवर नेऊन ठेवलात आणि परत येऊन वडलांना म्हणालात, "पावणं, पोरगी लई तयारीची हाय. तिला अडवू नगासा." मी दाराशी उभी होते. सगळं कळत होतं मला, आठवीत होते मी. एका शब्दानं बोलले नाही, ना तेव्हा आईला, ना पुढं कधी तुम्हाला. तुम्हीही तो विषय काढला नाहीत. पुढं आई तुमच्या घरी दोन-दोन दिवस राहायला लागली, काकूंच्या हातच्या भाकरीची तारीफ करायला लागली, पण त्या कपाची माफी आमच्यापैकी कुणी मागितली नाही. तुम्ही मागू दिली नसती, हे आमचं त्यातल्या त्यात सोयीचं समाधान.

अशा घरच्या पोरीवर तुम्ही जीव लावलात. माझ्या पायाला फोड आले तर डेपोतलं मलम आणून लावलंत. मी पहिला गोल मारला तेव्हा तुम्ही मैदानातच उकिडवे बसून रडलात, आणि मग डोळ्यात धूळ गेली म्हणून सांगितलंत. मी तुमची ऋणी आहे वगैरे म्हणायला माझी जीभ आता रेटत नाही, पण आहे. तुमच्यामुळं आहे.

आता परवाचं राहिलेलं सांगते. मांडवातलं माझं भाषण झालं, जेवणं झाली. निघताना मेघा गाडी घेऊन पुढं आली. "चला ताई, स्टँडवर सोडते." चेहरा सुजलेला, पण आवाज तोच. मी सहज विचारलं, खेळ कसा चाललाय. म्हणाली, "चाललाय. पायानं खेळायची अजून सवय न्हाय. पण करणार काय, उंची काय आता वाढणार न्हाय." हे ती अगदी साधेपणानं बोलली. मी गाडीवर बसलेच नाही. तिथं रस्त्यावर, तुमच्या दाराशी, तुमच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सखाली उभी राहून मी तिला सगळं सांगितलं. खोलीतलं, फोनवरचं, व्यवस्थापकपदाचंसुद्धा.

तिनं गाडी बंद करून सगळं ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे माझी उंची कुणी मोजलीच न्हाय?"

"नाही."

"ती पोरगी माझ्याएवढीच हाय, ताई. शिबिरात आमी एका खोलीत हुतो. एकमेकीचं ट्रॅकसूट घालत हुतो. मी आण्णांना म्हणलं हुतं की, उंचीचं ह्ये कायतरी खोटं हाय. तर माझ्यावर डाफरलं. 'वैशाली खोटं बोलंल व्हय?' म्हणालं. त्या दिवसापासनं मी इषय काढला न्हाय."

मी म्हणाले, मी समितीचा राजीनामा देते. ती म्हणाली, "द्या न्हाय तर ऱ्हावा. मला काय करायचंय त्येचं?" आणि खरंच, तिला काय करायचं होतं त्याचं? ते मला हलकं वाटावं म्हणून होतं. मी तिची माफी मागायला लागले तर तिनं हात वर करून मला थांबवलं.

"थांबा ताई. माफी एकदा झालीया. तुमास्नी म्हाईत न्हाय. ग्लोव्हज काढून घेतलं त्या दिवशी आण्णांनी ग्राउंडवर सगळ्या पोरींच्या म्होरं माझ्या म्होरं हात जोडलं. 'पोरी, मी तुला आठ वर्सं चुकीच्या जागी हुबी केली, मला माफ कर,' म्हणालं. एवढा मोठा माणूस. मी काय करणार? म्हणलं, केलं माफ." तिचा आवाज तिथं पहिल्यांदा फुटला. "आता त्यास्नी कुटं जाऊन सांगू मी, की तुमचं काय चुकलंच न्हवतं?"

ती गाडी चालू करून गेली. मी स्टँडपर्यंत चालत आले.

उद्या मी परत येतेय. आधी काकूंना सांगणार आहे, मग सकाळच्या सरावाला मैदानावर त्याच सगळ्या पोरींसमोर उभी राहून सांगणार आहे. काकू घरात घेतील की नाही, माहीत नाही. मेघा मैदानावर येईल की नाही, तेही माहीत नाही. पण मेघानं जे विचारलं त्याचं उत्तर द्यायचं काम माझं आहे, आणि ते तुम्हालाच द्यायचं आहे, म्हणून हे सगळं लिहिलं.

आण्णा, तुमचं काही चुकलं नव्हतं. मेघा बरोबर जागी उभी होती.